पांढरीतले चेहरे

मराठी गावाची माती दोन प्रकारची. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही जोडी भेटते. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं, असा सरळ हिशेब. पांढरीला पांढरी का म्हणतात याचं उत्तरही सरळच आहे. चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, हाडं, फुटकी खापरं असं सगळं शेकडो वर्षं एकाच जागी साठत गेलं की मूळची काळी जमीन खाली गाडली जाते आणि वर फिकट, राखाडी-पांढरा थर चढत जातो. गाव हळूहळू आपल्याच कचऱ्यावर उंच होतं.

म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ'चा आपल्याकडचा सगळ्यात जुना नमुना पांढरीच म्हणायला हवा! हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत उच्चारा, लगेच आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बांगड्यांचं तोरण आणि करवंटीचं कासव डोळ्यांपुढे येतं. वर्धा शिक्षण परिषदेत १९३७ साली गांधीजींनी हातानं काम करून शिकण्याची कल्पना मांडली, पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, आणि शेवटी त्याचं काय झालं? तर कार्यानुभवाचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास झाला. असो. तो राग पुन्हा कधीतरी.

घरच्या वाचकांना ठाऊक आहे, नव्या मंडळींसाठी सांगतो. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद. आमच्या तोंडात दोन्ही नावं आहेत.) गेली काही वर्षं सातवी-आठवीच्या मुलांकडून प्लास्टरचे मुखवटे आणि टाकाऊ सामानाची शिल्पं करून घेतो. गेल्या दिवाळीत पुण्याच्या आत्या म्हणाल्या, "अरे, तिकडे प्यायला पाणी नाही आणि तू मुखवटे कसले करत बसलायस? मुंबई-पुण्याच्या शाळांतली फॅडं ती." आत्यांना तेव्हा चिवडा खाता खाता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं आज लिहितो आहे.

तर आत्या, हे मुंबई-पुण्याचं फॅड नाही. मुंबई ही सात बेटं होती आणि पुण्याचं नावही कुणी घेत नव्हतं तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात साच्यातून चेहरे निघताहेत.

धाराशिवपासून ईशान्येला तेरणा नदीच्या काठी तेर आहे. आज बघायला गेलं तर एक मोठं खेडं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणारं एक ग्रीक पुस्तक लिहिलं गेलं, 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात तो म्हणतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. हे तगर नेमकं कुठलं यावर पुढे विद्वानांनी बराच काथ्याकूट केला. देवगिरीपासून जुन्नरपर्यंत सगळीकडे तगर शोधून झालं. अखेर १९०१ साली फ्लीटने तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं, आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत हेन्री कझिन्स येऊन तिथली देवळं आणि टेकाडं पाहून गेला. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे राज्य समुद्रकाठी किंवा पंचगंगेकाठी करायचं आणि मूळ गाव म्हणून तगरचं नाव सांगायचं, आपल्यातले पुष्कळजण आडनावाखाली मूळ गाव सांगतात तसंच.

या शहराला ज्या मालाने श्रीमंत केलं तो माल आज एक चिंधीही शिल्लक नाही. कापड कुजून जातं. दोन हजार वर्षं उरली ती माती. आणि मातीतले चेहरे.

तेरच्या संग्रहालयात या चेहऱ्यांची कपाटं आहेत. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी गावातून, टेकाडांवरून वर्षानुवर्षं एकेक वस्तू जमवली आणि त्या संग्रहातून हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं. त्यांचंच नाव त्याला आहे. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू असं पुष्कळ आहे, पण मी मुलांना घेऊन जातो ते छोट्या पांढऱ्या मूर्तींसाठी. केओलीन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या, साधारण हाताच्या पंजात मावतील अशा. सातवाहन काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आगेमागे. स्त्रियांचे गोल चेहरे, डोक्यावर भरगच्च केशरचना, कानांत मोठाली भूषणं, ओठांवर किंचित हसू. आमच्या शाळेतल्या मुली सगळ्यात आधी केस बघतात. "सर, ही कुठल्या लग्नाला चाललीय?" असं एकीनं विचारलं होतं!

अशाच मूर्ती पैठण, नेवासे, भोकरदन या ठिकाणी आणि आजच्या तेलंगणातल्या कोंडापूरलाही मिळाल्या आहेत. म्हणजे ही एका कुंभाराची हौस नव्हती, दख्खनभर चाललेला चांगला धंदा होता. आणि त्यांची करायची रीत पाहिली की चित्रकलेच्या मास्तराला अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

या मूर्ती आतून पोकळ आहेत आणि दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. एक साचा पुढच्या बाजूचा, एक पाठीचा. आधी मूळ मूर्ती घडवायची, तिच्यावर माती दाबून पुढचा आणि मागचा ठसा घ्यायचा, ते ठसे भाजून पक्के करायचे. झाले साचे. मग कालवलेली मऊ माती पोळीसारखी थापून एकेका साच्यात बोटांनी दाबत बसवायची, कडा सुरीने साफ करायच्या, कडांना पातळ चिखल लावून दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवायचे. भाजलेली माती पाणी ओढून घेते, त्यामुळे आतली ओली माती थोडी आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. जोडावरची रेघ ओल्या बोटाने पुसायची, वाफ जायला एक भोक ठेवायचं, सावलीत वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. पोकळ कशासाठी? भरीव मूर्ती आत ओली राहते आणि भट्टीत फुटते. शिवाय माती कमी लागते, आणि माल हलका झाला की गाडीत जास्त चढतो. व्यापारी गावचे कुंभार होते ते, उगीच नाही.

याआधी आपल्याकडे मातीच्या मूर्ती होत्याच, पण हाताने घडवलेल्या किंवा एकाच साच्यात दाबलेल्या, पाठ सपाट असलेल्या. हे दुहेरी साच्याचं तंत्र रोमन जगातून इकडे आलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तिकडे याच पद्धतीने दिवे आणि मूर्ती ढिगाने निघत होत्या. मला स्वतःला हे पटतं, कारण याच काळात इथले लोक रोमन नाण्याचा ठसा मातीच्या चकतीवर उठवून, ती भाजून, वर भोक पाडून गळ्यात घालत होते. सोन्याची पुतळी परवडत नाही तर मातीची घ्या! पण तंत्र कुठूनही आलेलं असो, चेहरे इथलेच आहेत. रोमन बाई त्या केशरचनेत एक पाऊलही टाकू शकली नसती.

आता आमच्या वर्गात काय चालतं ते सांगतो, म्हणजे हे किती जवळचं आहे ते कळेल.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, गरम होते आणि दगडासारखी होते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या म्हणून हे नाव. घट्ट होताना ते किंचित फुगतं आणि म्हणूनच साच्यातली बारीकशी रेघही उचलतं.

चेहऱ्याचा साचा घ्यायला आम्ही मेडिकलच्या दुकानातून हाडं बसवायला वापरतात ती प्लास्टरची पट्टी आणतो. नेदरलँडचा मथायसन नावाचा लष्करी डॉक्टर, त्याने १८५१-५२ च्या सुमारास ही पट्टी काढली ती सैनिकांच्या मोडक्या हातापायांसाठी. तिचे तुकडे करायचे, मुलाच्या चेहऱ्याला व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, भुवयांना जरा जास्तच. नाकपुड्या पूर्ण मोकळ्या. डोळ्यांवर पट्टी नाही. दहा-पंधरा मिनिटं गप्प पडून राहायचं. (आमच्या वर्गात काही जणांसाठी हाच सगळ्यात अवघड भाग असतो.) आणि एक नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, बादलीतल्या प्लास्टरमध्ये हात घालून बसायचं नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत एका मुलीने आपल्या हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले आणि ते तिथेच घट्ट झालं. त्या उष्णतेने ती बहुतेक सगळी बोटं गमावून बसली. प्लास्टर तापतं हे पुस्तकात वाचणं वेगळं. मास्तरांनो, तुमच्यापैकी कुणी हे करणार असाल तर एवढं मात्र लक्षात ठेवा.

चेहऱ्यावरून निघतो तो साचा. त्यातून मुखवटा काढायचा तो मात्र प्लास्टरचा नाही, कागदाच्या लगद्याचा. याचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं. टाकाऊपासून काही करायचं म्हणतो आणि आणतो काय, तर गोणीभर प्लास्टर, जे एकदा घट्ट झालं की पुन्हा सहजासहजी कशालाच उपयोगी येत नाही. पुन्हा भाजून भुकटी करता येते खरी, पण ते शाळेच्या गॅसवर करायचं काम नाही. गणपतीच्या मूर्तींवरून चाललेला वाद सगळ्यांना माहीत आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध घातले, नंतर प्रकरण कोर्टात गेलं. त्यात मी शिरत नाही. वर्गापुरता माझा निवाडा एवढाच की प्लास्टर फक्त साच्याला. एका साच्यातून वर्षभर पन्नास मुखवटे निघतात. त्यासाठी कागद लागतो तो रद्दीचा, जुन्या प्रश्नपत्रिकांचा, लग्नपत्रिकांचा.

लगदा करायला मी शिकलो तो आर्ट टीचर डिप्लोमाला नव्हे, आजीकडे. घरच्यांना आठवत असेल. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, उखळात कुटायची, कीड लागू नये म्हणून त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची आणि पालथ्या घागरीवर तो लगदा थापून टोपली करायची. वाळली की घागरीवरून अलगद सुटायची. घागर हा साचाच की! आजीच्या टोपल्यांत शेंगा, कापूस, वाती, काय काय राहायचं. कडू वास मात्र शेवटपर्यंत जात नसे. आमच्या वर्गालाही हल्ली तोच वास येतो, शेजारच्या वर्गाचे शिक्षक नाक मुरडतात.

शिल्पांसाठी जे सामान येतं ते आमच्या भागातलं. तुराट्या, ज्वारीची धाटं, सोयाबीनचं भुसकट, ठिबकच्या फुटक्या नळ्या, खताच्या रिकाम्या गोण्या, सायकलच्या ट्यूब. धाटाची बैलगाडी आमच्या पिढीनेही केली होती, त्यामुळे मुलांना यात नवं काही शिकवावं लागत नाही. भुसकट मात्र मी मुद्दाम लगद्यात आणि मातीत घालायला लावतो. त्याला कारण पुन्हा तेरच. तिथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. खरंच तरंगतात, संग्रहालयात दाखवतात! माती कालवताना तिच्यात तूस मिसळलेलं असे. भट्टीत तूस जळून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. खळ्यावरचा कचरा घालून देवळाच्या विटा. यापुढे आमची करवंटीची कासवं फिकी आहेत.

गंमत म्हणजे चेहऱ्याचा साचा घेण्याची कल्पनाही त्याच काळात तिकडे जुनी झाली होती. प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहून गेलाय की माणसाच्या तोंडावर प्लास्टर लावून साचा घेण्याची रीत लिसिस्ट्रेटस या ग्रीक शिल्पकाराने सुरू केली. हाच प्लिनी हिंदुस्थानातल्या मालापायी रोमचा पैसा दर वर्षी कसा वाहून जातो याबद्दल चिडून लिहितो. त्या मालात तगरचं कापडही असणार. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, त्यात प्लिनी गेला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून १९३८ साली एक हिंदुस्थानी हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली आहे, भोकरदनलाही. आणि त्याच पाँपेईत १८६३ मध्ये फिओरेल्ली या उत्खनकाला राखेच्या थरात पोकळ्या सापडल्या. त्यांत त्याने पातळ प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर बाजूची राख काढली, तर आत अठराशे वर्षांपूर्वी गुदमरून मेलेली माणसं. कुणी तोंडावर हात घेतलेला, कुणी पालथं पडलेलं. राखेचाच साचा झाला होता. मी आठवीला ही चित्रं दाखवतो तेव्हा वर्गात पहिल्यांदाच खरी शांतता होते.

आमच्या जिल्ह्याला ती शांतता परकी नाही.

मागे एकदा सातवीतल्या एका मुलाने शिल्पाला चिकटवायला पिशवीभर सामान आणलं. त्यात काळी-तांबडी खापरं, शंखाच्या बांगडीचे तुकडे, दोन-चार मणी. "सर, हे चालतंय का टाकाऊमधी?" मी विचारलं, कुठं मिळालं? "मामाच्या गावाला, घराच्या मागं. पाऊस झाला की वर निघतंय. बाया भांडी घासायला नेत्यात तिथली माती." म्हणजे पांढरी. कुठल्या गावची ते इथं लिहीत नाही.

त्याचा प्रश्न सोपा वाटतो, पण मला तो सोपा वाटला नाही. टाकाऊ म्हणजे काय, हे मीच तर त्यांना शिकवत होतो. कुणीतरी फेकलेलं, फुटलेलं, ज्याला मालक नाही ते. त्या व्याख्येत ही पिशवी चपखल बसते. आणि पांढरीचा इतिहास तर असा की गावाने ती नेहमी वापरूनच टाकली. मराठवाड्यातली जुनी घरं धाब्याची. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हात-दीड हात मातीचा थर. ही माती पांढरीची असायची, कारण ती चिवट असते आणि पाणी आत झिरपू देत नाही. दर उन्हाळ्यात वर नवा थर. तो यायचा जुन्या टेकाडातून. सातवाहनांची वस्ती खोदून आपण तिची छपरं केली. तेरची टेकाडंही अशी कुरतडली गेली, आणि त्या खोदण्यातूनच नाणी, मणी, मूर्ती वर आल्या. संग्रह करणाऱ्याला वस्तू मिळायच्या त्या अशा. १९५८ साली बी. एन. चापेकरांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, पुढेही झाली, पण त्याआधी कुदळ चालली ती छपरांसाठी. खोदलं नसतं तर चेहरे कळले नसते, आणि खोदल्यामुळे ते कोणत्या थरात, कोणाच्या घरात, कशाशेजारी होते ते कायमचं गेलं.

त्या छपरांनी आमच्याकडून किंमतही घेतली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायच्या सुमारास. किल्लारीच्या भूकंपात लातूरच्या आणि आमच्या उमरगा-लोहारा भागातल्या गावांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. धक्का सहाच्या पुढचा होता खरा, पण माणसं मेली ती दगडी भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याखाली. त्यानंतर लोकांनी पत्रे घातले, स्लॅब टाकले. पांढरीची छपरं मागे पडली. तेव्हा शाळेत असलेली माझ्या वयाची माणसं आजही पत्र्याखाली जास्त निर्धास्त झोपतात.

तर पिशवी. कायदा काय म्हणतो तेही मुलांना सांगितलं. १८७८ चा निधीचा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. (दहा रुपये! मुलं खूप हसली.) १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती-वस्तूंबद्दल, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. खापराच्या तुकड्यासाठी कलेक्टर ऑफिसला जा, असं मी सातवीतल्या पोराला सांगणार नाही. पण ते फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवू द्यायला हात धजेना. आम्ही असं केलं की प्रत्येक तुकड्याचं मापात चित्र काढलं, कुठं आणि किती पावसानंतर मिळाला ते खाली लिहिलं. मग त्याला सांगितलं की मामांना विचारून हे आहे तिथे परत ठेव, आणि मूर्तीसारखं काही दिसलं तर हात न लावता मला सांग. चित्रांची वही शाळेत आहे. शिल्पाला त्याने मामाच्याच ट्रॅक्टरची जुनी मडफ्लॅप लावली. ती रेड्याची पाठ झाली, छान झाली.

वर्गातल्या दोघा-तिघांना हे पटलं नाही हेही सांगायला हवं. एक म्हणाला, सर, आपण काढून घेतलं नाही तर जेसीबीवाला नेईल. त्याचं म्हणणं खोटं नाही. मुरूम भरायला टेकाडं आजही जातात. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, अजून नाही. वहीत चित्र काढणं ही फार छोटी गोष्ट आहे, आणि तरीही तेरच्या किती वस्तूंना तेवढंसुद्धा मिळालं नाही.

मागच्या सहलीत आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. हे देऊळ विटांचं, मागची बाजू अर्धगोल, छपराला कमान, म्हणजे चैत्यगृहाची ठेवण. मूळ बौद्ध वास्तू असावी, पुढे तिचं विष्णूचं देऊळ झालं, असं कझिन्सच्या काळापासून म्हणतात. समोरचा मंडप नंतरचा. महाराष्ट्रात विटांनी बांधलेली इतकी जुनी आणि अजून उभी असलेली वास्तू मला दुसरी माहीत नाही. ती उभी राहिली कारण ती वापरात राहिली. कुणी पाडून विटा नेल्या नाहीत, देव बदलला फक्त. जेसीबीवाल्या पोराला मी हे दाखवलं. तो म्हणाला, "मग तेरच्या टेकाडावर पण देऊळ बांधायला पाहिजे होतं, सर." या उत्तरावर हसावं की काय, ते मला कळलं नाही.

तिथून गोरोबाकाकांच्या समाधीला. ज्या गावात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांनी साच्यातून चेहरे काढले, त्याच गावात पुढे तेराव्या शतकात संत झाला तोही कुंभारच. त्यांची समाधी शके १२३९ ची, म्हणजे १३१७ सालची. थापटण्याने संतांची डोकी थापटून कोणतं मडकं कच्चं ते सांगण्याची गोष्ट मुलांना पाठ असते. पण थापटणं म्हणजे नक्की काय हे वर्गातल्या एकालाही दाखवता आलं नाही. शेवटी तिथल्या एका वयस्क कुंभारबाबांनी दाखवलं. आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हळूहळू ठोकत मडकं मोठं करायचं. साच्याची गरजच नाही, आतला हात हाच साचा. बाबा म्हणाले, आता गाडगी संक्रांतीला आणि मयताला, एवढंच. बाकी प्लास्टिक.

आत्या, आमच्या मुलींना मुखवटा नवा नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पत्र्याच्या धडावर मुखवटा चढवून, साडी नेसवून, नथ घालून दोन सवाष्णी घरात उभ्या करायचं काम त्यांच्याच आया करतात. शाडूचे, पितळेचे, हल्ली प्लास्टरचे. त्यामुळे स्वतःच्या चेहऱ्याचा मुखवटा साच्यातून निघाला की मुली पहिल्यांदा त्याला काजळ घालतात. मुलगे मिशा काढतात. एकीने आजीच्या चेहऱ्याचा साचा घेऊ का विचारलं. आजी घरी तयार झाली, आणि निघालेला मुखवटा त्या तेरच्या कपाटातल्या बाईसारखाच गोल, किंचित हसरा. तो मी वर्गात लावायला मागितला, पण आजीने दिला नाही. देवघराशेजारी टांगलाय म्हणे.

यंदाची अर्धी गोणी प्लास्टर उरलं आहे. त्याला पावसाळी हवा लागली की ते मरतं, मग कितीही कालवलं तरी घट्ट होत नाही. पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला सायकलची ट्यूब ताणून बसवून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आहे. जूनमध्ये नवी सातवी येईल. पुण्याहून येताना आत्या, जुन्या लग्नपत्रिका घेऊन या. चकचकीत नकोत, त्या भिजत नाहीत.